मोरे मैदानात भेटलेल्या माणसांना

जुलैत आम्ही चौघं फोंड्याहून गाडीने मनाली-लेह रस्त्याला गेलो. तांदीच्या पंपावरची ‘पुढचा पंप 365 किलोमीटरवर’ ही पाटी ऐकून ठाऊक होती, म्हणून डिझेलचे कॅन घेतले होते. टायरचा विचार मात्र केला नव्हता. पांगपुढच्या मोरे मैदानात तो फाटला. साडेचार हजार मीटरच्या वरची उंची, मोबाइलला रेंज नाही, नजर जाईल तिथवर एक झाड नाही. हिरव्यागार पावसातून गेलेल्या आम्हाला ते उजाडपण छातीवर बसलं. जॅक वाळूत रुतत होता आणि आईचे ओठ निळे पडत होते.

मनालीकडे निघालेला एक ट्रक थांबला. चालकदादांनी जॅकखाली फळी घातली, स्टेपनी बसवली आणि पांगपर्यंत आमच्यापुढे ट्रक हाकला. तिथे लष्कराच्या छावणीत जवानांनी आईला ऑक्सिजन लावला. तंबूवाल्या ताई तिचे पाय चोळत बसल्या होत्या (स्वतःचं गिऱ्हाईक सोडून!). पैसे कुणीच घेतले नाहीत. शेवटी आईने घरचे काजू ताईंच्या ओंजळीत ओतले.

आई आता बरी आहे, रोज तुमची आठवण काढते. दादा, ताई, जवानांनो, देव बरें करूं.