कॅसेट फेकण्याआधी आतला कागद वाचा

संपादक महोदय,

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दंडार, खडी गंमत या लोककला आणि खंजिरी भजनांच्या ‘निवडक’ कॅसेटी माळ्यावरून थेट भंगारात चालल्या आहेत. पेन ड्राइव्हवर गाणी ढीगभर मिळतात; गायक कोण, ढोलकीवर कोण, हे सांगणारा डबीतला कागद मात्र मिळत नाही. निवडीचा क्रमही तिथे मोडतो. म्हणून आधी कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि कॅसेटची बाजू संगणकावर सलग उतरवा, गाणी नंतर तोडा.

टेपरेकॉर्डरचे हेड (फीत वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून फीत एकदा टोकापर्यंत पुढे-मागे फिरवा. ९० मिनिटांच्या कॅसेटला जपा. तिची फीत ६० वालीपेक्षा पातळ, पटकन ताणते आणि रबरी चाकात गुंडाळते. आवाज दबका आला की लोक फितीला दोष देतात. बरेचदा हेडचा कोन बिघडलेला असतो. हेडच्या बाजूचा स्क्रू अगदी किंचित फिरवा, झांज खणखणीत वाजली की थांबा. स्पीकरसमोर मोबाइल धरणे म्हणजे निव्वळ खेळ. टेपच्या लाइन-आउटची (आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीची) वायर लॅपटॉपला जोडून ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट वेव्ह (WAV) फाइल करा, ३० मिनिटांची बाजू साधारण ३०० एमबी होते.

तालुक्याच्या वाचनालयांनी एक चालू कॅसेट डेक तरी ठेवावा.

– एक वाचक, ब्रह्मपुरी (जि. चंद्रपूर)