भट्टीवर निघणाऱ्या मुलांच्या पिशवीसाठी आवाहन

सस्नेह नमस्कार.

भातकापणी उरकून दिवाळी झाली की डहाणू तालुक्यातल्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. आईबापांबरोबर तीन ते सहा वर्षांची पोरंही जातात आणि अंगणवाडी गावातच राहते. मोठी माणसं पहाटेपासून चिखलात, पोरं दिवसभर विटांच्या रांगांमधून. ज्या वयात मूल दिसेल त्या वस्तूला हात लावून प्रश्न विचारतं, त्याच वयातले वर्षातले पाच-सहा महिने असे निघून जातात, हे आम्हाला बघवत नाही.

या मुलांसाठी आमचं वाचनालय यंदा कापडी पिशव्या तयार करत आहे. कुटुंब निघेल त्या दिवशी पिशवी मुलाच्या खांद्याला लावायची. आत जाड चित्रकार्डं, थोड्या बिया, सुतळी, खडू, मेणबत्तीचे तुकडे आणि गोष्टी भरलेलं एक मेमरी कार्ड. पुस्तकं मुद्दाम कमी ठेवली आहेत. बऱ्याच घरांत वाचून दाखवणारं कोणी नाही. गोष्ट सांगणारं मात्र बहुतेक प्रत्येक घरात आहे.

प्रत्येक गोष्टीला हाताने करायचं एक काम जोडलं आहे. चिऊ-काऊची गोष्ट ऐकली की मुलाने दोन घरं करायची, एक शेणामातीचं आणि एक मेणाचं, आणि दोन्हींवर तांब्याने पाणी ओतायचं. कावळ्याचं घर का वाहून गेलं, हे मग कुणी समजावून सांगावं लागत नाही. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट झाली की झोपडीमागे, भांडी धुतलेलं पाणी जातं तिथे, भोपळ्याचं बी लावायचं. वेलाला फुलं आली की मागे इवलासा गोल भोपळा असलेलं फूल कुठलं आणि नुसत्या देठाचं कुठलं, ते शोधायचं. भोपळा धरतो तो पहिल्या प्रकारच्या फुलालाच. भट्टीवरचा मुक्काम संपायच्या आत घरच्या भोपळ्याची भाजीही होईल!

बाकीची कामंही भट्टीवर सापडेल त्यातूनच होतात. एक काठी रोवून सकाळ, दुपार, संध्याकाळ तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा. माघ-फाल्गुनात पळस फुलला की खाली पडलेली फुलं पाण्यात भिजवून केशरी रंग काढायचा. आणि फुटक्या तांबड्या विटेवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढायची. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिणाऱ्या वारली घरांना हे कुणी शिकवायला नको. इथे आईच गुरू.

ही वाट आपल्याच तालुक्यात पडलेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर नेलं. महागड्या साधनांऐवजी बिया, पानं, शंख-शिंपले वापरले. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावं, एवढंच आम्ही त्यांच्याकडून घेतलं आहे.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगतो. सगळ्यात आधी गोष्टी. वारली बोलीत गोष्टी सांगणारे आजी-आजोबा तुमच्या पाड्यावर असतील तर आम्हाला कळवा. आम्ही घरी येऊन, त्यांच्या परवानगीने, ध्वनिमुद्रण करू. मुलाला आपल्या घरच्या भाषेत गोष्ट ऐकायला मिळावी, आणि नेट नसलेल्या भट्टीवरही ती वाजावी, म्हणून हा खटाटोप. मोबाइलवर नीट मुद्रण करू शकणारी तरुण मुलं-मुली सोबत आली तर काम लवकर होईल.

जुन्या चादरी, पडदे, जीन्स धुऊन द्या. शिलाई मशीन चालवणाऱ्या ताईंनी नवरात्रात दोन-तीन दुपारी दिल्या तर शिवणकाम तेवढ्यात उरकेल. बिया हव्यात त्या भोपळ्याच्या, वालाच्या, शिवाय चिंचोके आणि सागरगोटे. गुंजा आणि एरंडाच्या बिया कृपा करून आणू नका, त्या विषारी असतात. लहान भावंडं बिया तोंडात घालतात म्हणून पिशवी देतानाच आईला बजावून सांगणार आहोत की बियांचा खेळ मोठं माणूस जवळ असतानाच. जुनी खेळणी आणि जुनी पाठ्यपुस्तकं मात्र या कामाला नकोत.

छपाई आणि मेमरी कार्ड यांसाठी एका पिशवीमागे साधारण 150 रुपये लागतात. एका मुलाची पिशवी उचललीत तरी मोठी मदत आहे. पैसे वाचनालयातच द्यावेत आणि पावती घ्यावी. जमाखर्च फळ्यावर लागेल.

भट्टीमालकांना वेगळी विनंती. आगीपासून आणि गाड्यांच्या रस्त्यापासून दूर, सावलीची एक जागा मुलांसाठी राखून ठेवा, आणि आमचे कार्यकर्ते महिन्यातून एकदा आले तर त्यांना मुलांजवळ बसू द्या.

कापड आणि बिया घटस्थापनेपर्यंत पोचाव्यात. कोजागरीपासून आम्ही पाड्यापाड्यावर पिशव्या वाटायला निघू. वाचनालय रोज संध्याकाळी 5 ते 7 उघडं असतं. त्या वेळात कुणीही यावं, कार्डं पाहावीत, काही सुचलं तर सांगावं.

आपले,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ