सुध्यास पत्र

परभणी

प्रिय सुध्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. बीपी गोळ्यांवर आहे, अक्का बरी आहे.

आपल्या गल्लीतली बेकरी जळाली. सोबत गादीवाल्याचं दुकान अन् बबन्याचं गोदाम. माणूस गेलं नाही. पण भट्टीवरच्या पोरानंच लावली, असं सगळे म्हणायलेत. परमुलखाचा, मराठी धड येत नाही, बस्स! मालक छाती ठोकून सांगायलाय, "मी भट्टी विझवूनच घरी गेलो." मला तुझा फॅरिनर आठवला, लंडनच्या मोठ्या आगीतला तो बेकरीवाला. २ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे त्याची गल्ली, पुडिंग लेन, पेटली, तेव्हा तोही हेच म्हणाला होता ना?

कॉलेजात यावरून भांडून तू माझ्या डब्याला हात लावेनास. (वांग्याची भाजी होती, म्हणूनही असेल.) तू म्हणायचास, महापौर गाढव, आग अडवायला मालकांच्या परवानगीशिवाय घरं पाडायला कचरला. मी म्हणायचो, पूर्वेचा वारा. पण लेका, उन्हाळाभर वाळलेली लाकडी घरं, वरचे मजले समोरच्याला टेकलेले, नदीकाठच्या वखारीत तेल, डांबर, चरबी. १३,२०० घरं काय एकट्या भट्टीनं खाल्ली?

आपल्याकडं बोळात बबन्याचं पत्र्याचं शेड, आत कापसाच्या गाठी अन् तेलाचे डबे. बंब तोंडाशीच अडकला. शेडचा विषय काढला की बबन्या चहा मागवतो.

आणि तो ह्यूबर्ट, फ्रेंच घड्याळजी. मीच लावली म्हणाला, फासावर गेला. मागून जहाजाचा कप्तान सांगतो, हा आग लागल्यावर दोन दिवसांनी उतरला! त्याच्या आरोपपत्रावर फॅरिनरच्या घरच्या तिघांच्या सह्या, हे तूच सांगितलं होतंस.

काल मालक कागद घेऊन आला. पोरगा माचीस घेऊन फिरत होता, असं लिहिलंय. खाली बबन्याची सही. मी म्हणालो, चष्मा सापडत नाही. चष्मा डोळ्यावरच होता. अरे, त्या रात्री त्याच पोरानं शटर बडवून आम्हाला उठवलं! मी सही करणार नाही. पण बबन्याच्याच शब्दावर माझ्या पोरीचं लग्न जमलंय, तुला ठाऊक आहे. विम्याचं कायतरी त्याच्या डोक्यात आहे. मालक सोमवारी परत येणार.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, बंटीला बारावीसाठी आशीर्वाद.

बबन्या माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. सोमवारच्या आत त्याला फोन लाव. शेडवरून सुरुवात करू नकोस.

तुझा,
दिग्या