‘कसे वाटले?’ असे विचारून दुकान सुधारत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवे ऑनलाइन दुकान सुरू झाले की ओळखीपाळखीच्या सगळ्यांना एक ठरावीक संदेश जातो : ‘एकदा पाहा आणि कसे वाटले ते जरूर कळवा.’ उत्तरेही ठरलेलीच. ‘छान’, ‘मस्त’, उंचावलेला अंगठा, फार तर ‘रंग जरा भडक वाटतो’. दुकानदार खूश होतो, ऑर्डरी मात्र येत नाहीत. यात उत्तर देणाऱ्यांचा दोष नाही. अशा प्रश्नाला दुसरे उत्तर येणारच नाही. ऑनलाइन दुकाने तपासणे हे आमचे रोजचे काम आहे, म्हणून नव्या दुकानदारांसाठी आणि ज्यांच्याकडे असे संदेश येतात त्या वाचकांसाठी हे पत्र.

मत मागण्यापेक्षा काम सांगावे. ‘पुढच्या आठवड्यात भाचीचा वाढदिवस आहे. ती दहा वर्षांची आहे. तिच्यासाठी एक वस्तू निवडा आणि ऑर्डर पूर्ण करा.’ काम सांगताना दुकानातल्या बटणांवरचे किंवा विभागांच्या नावातले शब्द टाळायचे. विभागाचे नाव ‘भेटवस्तू’ असेल आणि तुम्हीच ‘भेटवस्तू शोधा’ म्हणालात, तर माणूस फक्त शब्द जुळवतो. आपण होऊन त्याला ती वाट सापडली असती का, हे कळत नाही.

काम दिल्यावर शेजारी बसायचे आणि गप्प राहायचे. फोन त्यांचाच असावा, दुकानदाराचा नको. दुकानदाराच्या फोनमध्ये पत्ता, पासवर्ड, आधी पाहिलेली पाने असे सगळे साठलेले असते आणि दुकान आहे त्यापेक्षा वेगवान भासते. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, एवढीच विनंती करावी. ‘हे कुठे आहे?’ असे त्यांनी विचारले तर ‘मी इथे नसतो तर तुम्ही काय केले असते?’ असे उलट विचारावे. ‘अहो, ते वर लिहिलंय की!’ हे वाक्य तोंडातून निघाले की चाचणी संपली. ग्राहकाच्या शेजारी दुकानदार बसलेला नसतो. नोंद मताची करू नये, कृतीची करावी : बोट कुठे थबकले, कोणती ओळ दोनदा वाचली, मागे जाण्याचे बटण कधी दाबले. माणूस दूरगावी असेल तर फोनच्या स्क्रीनचे रेकॉर्डिंग मागवता येते. मात्र पासवर्ड किंवा कार्डाचा तपशील भरण्याआधी ते बंद करायला सांगावे.

किती माणसे लागतात? संगणक वापरताना माणसे कुठे अडतात याचा अभ्यास करणारे याकोब नील्सन आणि थॉमस लँडाउअर यांनी 1993 मध्ये मांडलेल्या गणितानुसार एका माणसाकडून सरासरी 31 टक्के अडचणी उघड होत असतील, तर पाच जणांकडून सुमारे 85 टक्के उघड होतात. हा अंदाज सारख्या प्रकारच्या ग्राहकांपुरता आणि सारख्या कामापुरताच धरायचा. तरी धडा उपयोगाचा आहे : पंधरा जण मिळत असतील तर सगळ्यांना एकदम बोलावू नये. पाच जणांकडून तपासून घ्यावे, दुरुस्त्या कराव्यात, मग पुढचे पाच. निवडताना संगणक क्षेत्रातल्या मित्रांना जरा मागे ठेवावे. त्यांना दुकान कसे बनवले आहे यातच अधिक रस असतो. चष्मा लागलेला एक जण आणि जुना, भरलेला फोन वापरणारा एक जण हवाच.

पैसे भरण्याच्या पानावर बहुतेक चाचण्या थांबतात, कारण मित्राने खरे पैसे का भरावेत? आणि दुकान सर्वांत जास्त मोडते ते तिथेच. पैसे स्वीकारण्याच्या बहुतेक सेवांमध्ये ‘टेस्ट मोड’ असतो. त्यांनी दिलेला खोटा कार्ड क्रमांक वापरून पूर्ण ऑर्डर देता येते, रक्कम कुठूनच जात नाही. तो सुरू करून तीन प्रसंग मुद्दाम घडवून पाहावेत. पहिला, पैसे भरल्यावर दुकानात परत येण्याआधीच ब्राउझर बंद करायचा. ग्राहक पानावर परतल्यावरच ऑर्डर नोंदवायची अशी रचना असेल, तर पैसे जमा आणि ऑर्डर गायब असा प्रकार घडतो. पैसे मिळाल्याचा निरोप त्या सेवेच्या सर्व्हरकडून दुकानाच्या सर्व्हरला थेट यायला हवा. दुसरा, पैसे भरण्याचे बटण पटकन दोनदा दाबायचे. दोन ऑर्डरी झाल्या तर पहिल्या दाबानंतर बटण बंद करणे आणि एका ऑर्डरीला एकच क्रमांक बांधून ठेवणे, दोन्ही करावे लागेल. तिसरा, व्यवहार मुद्दाम अयशस्वी होऊ द्यायचा. ‘काहीतरी चुकले’ एवढाच संदेश दिसत असेल तर तो निरुपयोगी आहे. पैसे कापले गेले की नाही, कार्टमधल्या वस्तू शाबूत आहेत की नाही आणि आता काय करायचे, ही तीन उत्तरे तिथेच मिळायला हवीत.

पत्त्याचा फॉर्मही दिसतो तितका साधा नसतो. आडनाव न लावणारी माणसे असतात, लांबलचक पत्ते असतात, फोन क्रमांकात मध्ये जागा सोडणारे असतात. क्रमांकाच्या रकान्यात फोनवर आकड्यांचा कीबोर्ड उघडायला हवा. एक रकाना चुकला म्हणून बाकीचे सगळे पुसले गेले, तर बहुतेक जण दुसऱ्यांदा भरत नाहीत. घरपोच पोहोचवण्याचा खर्च शेवटच्या पायरीवर दाखवणे ही आमच्या मते सर्वांत महागात पडणारी चूक. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटच्या पाहण्यांत सरासरी दहापैकी सुमारे सात कार्ट अर्ध्यावर सोडल्या जातात असे दिसते. नुसते चाळायला आलेल्यांना वगळले, तर सोडून जाण्याच्या कारणांत वाढीव खर्च सर्वांत वर असतो.

आता अभिप्राय देणाऱ्यांसाठी. ‘साइट चालत नाही’ या तक्रारीचा दुकानदाराला काहीच उपयोग नसतो. कोणता फोन, कोणता ब्राउझर, कितवी पायरी, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, एवढे लिहून स्क्रीनशॉट जोडला की दुरुस्ती निम्मी झाली. ‘रंग भडक वाटतो’ याऐवजी ‘करड्या पार्श्वभूमीवरची किंमत वाचता येत नाही’ असे लिहा. वाचनीयता मोजताही येते : साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातली तफावत किमान 4.5 : 1 असावी, असा वेबच्या सुलभतेचा निकष आहे आणि ती मोजणारी मोफत साधने मिळतात.

दुकानदारानेही सुचवलेला उपाय जसाच्या तसा उचलू नये. ‘फोटो मोठे करा’ यामागे बहुधा वेगळीच अडचण असते : कापडाची वीण दिसत नाही, किंवा वस्तू तळहाताएवढी की ताटाएवढी ते कळत नाही. फोटो दुप्पट केल्याने दुसरी अडचण सुटत नाही. शेजारी हात धरलेला एक फोटो आणि सेंटिमीटरमधली मापे दिली की सुटते. म्हणून सूचना आली की ‘हे कशासाठी हवे होते?’ असे एकदा विचारावे. एकाने सुचवले म्हणून लगेच बदलू नये. पण एकच जण पैसे भरताना अडकला असेल, तर दुसऱ्याची वाट पाहू नये.

सुरुवातीच्या आकड्यांवर फार भिस्त नको. शंभर जण आले आणि दोन ऑर्डरी झाल्या, बटणाचा रंग बदलल्यावर पुढच्या शंभरांत चार झाल्या, तर विक्री दुप्पट झाल्याचे सांगत फिरण्यात अर्थ नाही. एवढा फरक योगायोगानेही पडतो. त्यापेक्षा ज्यांनी खरोखर खरेदी केली त्यांना वस्तू मिळाल्यावर दोन-तीन दिवसांनी एकच प्रश्न पाठवावा : ‘ऑर्डर देताना कुठल्या गोष्टीमुळे तुम्ही जवळजवळ थांबला होतात?’ याची उत्तरे ‘एक ते पाच गुण द्या’ या रकान्यापेक्षा कितीतरी बोलकी असतात. आणि मित्रांकडून पाच तारे लिहून घेण्याचा मोह टाळावा. ती फसवणूक तर आहेच, शिवाय त्यातून दुरुस्त करण्याजोगे काही हाती लागत नाही.

आपल्या पुरवणीत नव्या ऑनलाइन दुकानाची ओळख छापाल, तेव्हा दुकानदाराकडून वाचकांसाठी एक नेमके काम मागून घ्यावे, ही आपल्याला विनंती. उदाहरणार्थ, ‘वस्तू परत करण्याची मुदत शोधा, दोन मिनिटांत सापडली नाही तर कुठपर्यंत पोहोचलात ते कळवा.’ पाच-सहा ओळींची जागा त्याला पुरेल.

आपले,
ऑनलाइन दुकानांच्या तपासणीचे काम करणारे काही वाचक