खांब बाळ्याचा निघाला

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

दिवाळीत फराळाला बसलो असताना तू सगळ्यांसमोर म्हणालास, "बाबा, किती थापा माराल!" लागलं मला ते. आज त्याचं उत्तर लिहायला बसलोय, पण उत्तर कमी आणि कबुलीच जास्त होणार असं दिसतंय.

माझी गोष्ट तुला पाठच आहे. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीम खेळून मी पहाटे घरी येत होतो, तेवढ्यात ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. तिकडे हजारो माणसं झोपेतच गेली. इकडे सोलापुरात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब डोलताना मी पाहिला. काका दरवर्षी म्हणतो, "दादा, तू घरात माझ्या शेजारी घोरत होतास." या वेळी तू त्याच्या बाजूने गेलास.

गेल्या महिन्यात पुण्याच्या आत्याचं कपाट आवरताना जुन्या पत्रांचा गठ्ठा सापडला. त्यात माझं आंतर्देशीय निघालं, तारीख २ ऑक्टोबर १९९३. अक्षर माझंच, 'घ' आणि 'ध' सारखेच. लिहिलंय असं: रात्री एक वाजताच घरी येऊन झोपलो, मांडणीवरचे डबे पडले तरी जाग आली नाही, शेवटी आईने दंडाला धरून बाहेर ओढलं. खाली आणखी एक वाक्य: "खांब हलताना समोरच्या बाळ्याने पाहिला, तो सगळ्यांना सांगत सुटलाय."

म्हणजे खांब बाळ्याचा! त्या आठवड्यात सगळी गल्ली रस्त्यावर अंथरुणं टाकून झोपायची आणि बाळ्या रोज रात्री तो खांब हलवायचा. चित्र माझ्या डोक्यात राहिलं, ते कोणी दाखवलं हे मात्र गळून गेलं. स्मरणात हे नेहमी होतं. गोष्ट टिकते, पण ती पाहिली, ऐकली की स्वप्नात आली, हा धागा त्याहून कच्चा असतो.

मी जरा वाचलं यावर. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. दुसऱ्या दिवशी अमेरिकेत उलरिक नाइसर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कळली तेव्हा कुठे होतात, कोणी सांगितली. अडीच वर्षांनी तेच पुन्हा विचारलं. ४४ जणांपैकी फक्त तिघांचं सगळं जुळलं, अकरा जणांचं काहीच नाही, आणि चुकणाऱ्यांतले कितीतरी जण खात्रीने सांगत होते. पुढे त्यांना त्यांचेच जुने कागद दाखवले, तरी मूळ आठवण कुणाला परत आली नाही. माझंही तेच झालंय. पत्र समोर आहे, आणि डोळे मिटले की खांब डोलतोच.

मला वाटायचं, जी गोष्ट वारंवार सांगितली ती पक्की होते. पक्की होते खरी, पण सांगतो तशी! आठवण कपाटातल्या फोटोसारखी नसते. दर वेळी मेंदू ती तुकड्यांतून नव्याने जुळवतो. २००० साली करीम नादेर या मेंदूच्या अभ्यासकाने उंदरांवर दाखवलं की बसलेली भीतीची आठवणसुद्धा जागवली की काही काळ कच्ची होते आणि तिला पुन्हा घट्ट व्हावं लागतं. तीस वर्षं मी दर गणपतीत माझी आठवण ओली केली आणि ओल्या भिंतीवर बाळ्याचा हात उमटला.

आजीचं निराळं. ती तासाभरात तीनदा विचारते, चहा झाला का, आणि तू म्हणतोस, "आत्ताच सांगितलं ना!" अरे, ते तिथे नोंदलंच गेलेलं नसतं. हेन्री मोलेसन नावाच्या माणसाच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी नोंदवणाऱ्या भागाचा, मोठा हिस्सा १९५३ साली फेफऱ्यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंनी काढला. पुढे २००८ मध्ये वारेपर्यंत त्याला नवं जवळजवळ काहीच लक्षात राहिलं नाही. पण ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर रोज हात सुधारत गेला. आणि रोज तो म्हणायचा, हे मी कधी केलंच नाही. आजीच्या हातच्या वाती बघ. एकसारख्या, अजूनही.

असो. थापा मात्र मी मारल्या नव्हत्या, एवढं मान्य कर.

आणि हो, पत्राच्या घडीवर, डिंकाच्या कडेला, बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे: "धाकटा आठ दिवस झाले मामाकडे बार्शीला आहे, सुखरूप असल्याचा निरोप काल आला."

काकाला मी अजून फोन केलेला नाही. तू कर.

तुझा,
बाबा