निकालपत्रात नसलेल्या शिक्षा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखाद्या निर्घृण गुन्ह्याचा निकाल लागला की आपल्या वाचकांच्या पत्रांत दोन मागण्या हमखास असतात. एक, फाशीच द्यायला हवी होती. दुसरी, तुरुंगात यांचे लाड नकोत. खडी फोडायला लावा, अंधारकोठडीत टाका, सडू द्या. फाशीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला या दुसऱ्या मागणीबद्दल लिहायचे आहे. ती करणारी माणसे दुष्ट नसतात. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याचे दुःख त्यांना जाणवते आणि त्या तोलाचे काही गुन्हेगाराच्याही वाट्याला यावे असे वाटते. मलाही कित्येकदा वाटले आहे.

मात्र न्यायाधीश 'सात वर्षे कारावास' असे लिहितात, तेव्हा त्या कागदावर स्वातंत्र्य काढून घेतलेले असते. मार, उपास, दुखण्याकडे दुर्लक्ष यांतले काहीही त्यावर नसते. इंग्लंडचे तुरुंग आयुक्त अलेक्झांडर पॅटरसन शंभरेक वर्षांपूर्वी हेच सांगत असत: माणूस तुरुंगात येतो ती त्याची शिक्षा, आत आणून त्याला आणखी शिक्षा करायची नसते. नॉर्वेची तुरुंगव्यवस्था आज याच तत्त्वावर चालते. २०१० साली सुरू झालेल्या हाल्डेनच्या तुरुंगाची छायाचित्रे पाहून लोक चिडतात, हे मला ठाऊक आहे. तिथल्या खोल्या खरोखरच नीटनेटक्या आहेत. पण खोलीचे दार कैद्याच्या हातात नाही, आणि शिक्षा ती आहे.

मी काही वर्षे आठवड्यातून एकदा एका कारागृहात लिहायला-वाचायला शिकवायला जात होते. माझ्या वर्गात एक मध्यमवयीन माणूस होता. एका आठवड्यात तो गालाला फडके बांधून आला, पुढच्या आठवड्यातही तसाच. दाढ किडली होती. दवाखान्यात न्यायचे तर बंदोबस्ताला पोलीस हवेत आणि ते मिळत नव्हते. असे सात आठवडे गेले. त्याचा गुन्हा लहान नव्हता आणि त्याबद्दल मला त्याची दया आलेली नाही. तरीही वही पुढ्यात घेऊन तो जबडा दाबून बसलेला दिसला की माझ्या मनात यायचे, ही सात आठवड्यांची दाढदुखी कोणत्या कलमाखाली दिली? कोणत्या न्यायालयाने? तिच्याविरुद्ध अपील कुठे करायचे?

खडी फोडायला लावा म्हणणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडकडे पाहावे. तिथल्या तुरुंगांत वाळू भरलेल्या पेटीला दांडा लावलेला असे. कैद्याने तो दिवसाकाठी दहा हजार वेळा फिरवायचा. त्यातून दळण निघत नसे, पाणी वर चढत नसे. कष्ट निरर्थक आहेत हे कैद्याला कळावे, हाच हेतू होता. पेटीचा स्क्रू आवळला की दांडा आणखी जड होई, आणि तो किती आवळायचा हे पहारेकरी ठरवी. शिक्षेचे माप असे न्यायाधीशाकडून पहारेकऱ्याच्या हातात गेले.

अंधारकोठडीची गोष्ट याहून वाईट आहे, कारण ती सद्हेतूने सुरू झाली. १८२९ साली फिलाडेल्फियात उघडलेल्या तुरुंगात प्रत्येक कैद्याला एकट्याला ठेवत. एकांतात माणूस आत्मपरीक्षण करील, पश्चात्ताप पावेल, अशी धार्मिक वृत्तीच्या सुधारकांची प्रामाणिक श्रद्धा होती. घडले वेगळेच. १८९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात नोंदवले की, अशा कोठड्यांत थोडे दिवस काढल्यावरही बरेच कैदी बधिर होऊन गेले, काहींना वेड लागले, काहींनी जीव दिला. २०१५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या 'मंडेला नियमां'नी सलग १५ दिवसांहून अधिक एकांतवासाला मनाई केली आहे. त्यांच्या व्याख्येत दिवसातले २२ तास किंवा त्याहून अधिक काळ माणसांशी खऱ्या अर्थाने संपर्क नसणे म्हणजे एकांतवास. अंगावर वळ उठत नाही म्हणून ही शिक्षा सौम्य वाटते. मला ती फटक्यांहून क्रूर वाटते.

अलिखित शिक्षांचे आणखी एक आहे: त्या सर्वांना सारख्या मिळत नाहीत. बाहेर पैसा आणि ओळखी असलेल्या माणसाची दाढ लवकर निघते. दंडातही असा अन्याय असतो. एकच रक्कम एकाला चिल्लर असते आणि दुसऱ्याला घर विकायला लावते. फिनलंडने म्हणूनच १९२१ पासून उत्पन्नाच्या प्रमाणात दंड मोजायला सुरुवात केली. पैशाच्या शिक्षेचा इतका बारीक विचार होऊ शकतो, मग शरीराला आणि मनाला होणाऱ्या शिक्षेचा का नाही?

यावर नेहमी विचारले जाते, 'मग पीडितांचे काय?' प्रश्न रास्त आहे. त्यांना नुकसानभरपाई मिळावी, खटल्यात त्यांचे म्हणणे ऐकले जावे, आरोपी सुटला तर ते त्यांना आधी कळावे. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने अल्पवयीन गुन्हेगार, त्याचे कुटुंब आणि पीडित यांना समोरासमोर बसवण्याची सोय केली. प्रत्येक गुन्ह्याला तो मार्ग लागू पडणार नाही, आणि काही माणसांना समाजापासून दीर्घकाळ दूर ठेवावेच लागते. पण कैद्याच्या दाढदुखीतून पीडिताला काय मिळते, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

सगळ्यांत जास्त खटकते ती कच्च्या कैद्यांची स्थिती. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नसतो, शिक्षा सुनावलेली नसते. तरी बराक तीच, गर्दी तीच, मुलाखतीच्या जाळीपलीकडे उभी असलेली मुले तीच. त्यांतले काही पुढे निर्दोष सुटतात. 'सडू द्या' म्हणताना आपण त्यांनाही त्यात धरलेले असते.

म्हणून आपल्याकडे एक विनंती आहे. निकालाच्या बातमीत शिक्षेच्या वर्षांचा आकडा आपण ठळक छापता. आरोपी निकालाआधी किती वर्षे कच्चा कैदी म्हणून आत होता, हा आकडाही त्याच बातमीत द्यावा. आणि तो निर्दोष सुटला असेल, तर तितक्याच ठळकपणे द्यावा.

आपली,
एक नियमित वाचक