बाबा, नाव काढून घेऊ नका

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर आई हळूच म्हणाली की बाबा कट्ट्याच्या कराओकेमधून नाव काढून घेतायत. कारण काय, तर आवाज फाटतो, वर जात नाही, आणि "चांगल्या गाण्याची वाट कशाला लावायची". मी तेव्हा काही बोलले नाही पण रात्री झोपच येईना, मग उठून व्हॉट्सॲपवर टाइप करायला बसले तर ते एवढं लांबलं की म्हटलं जाऊदे, पत्रच होऊ दे. दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे म्हणून.

आधी एक जुना हिशोब मिटवायचाय. बोनी एम ग्रुपची ती कॅसेट आठवते ना, जिची रीळ अडकली की मी पेन्सिल घालून गुंडाळत बसायचे? 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' लागलं की बाबा बनियनवरच हॉलमध्ये नाचायचे आणि आई स्वयंपाकघरातून लाटण्याने पोळपाटावर भजनी ठेका धरायची. बाबा ओरडायचे, अगं डिस्को आहे तो, त्याचं भजन काय करतेस! आणि मी चमची, बाबांच्या बाजूने हसायचे. तर बाबा, इतक्या वर्षांनी सांगते, आई बरोबर होती. ते भजनच आहे हो! बायबलातलं 137वं स्तोत्र. कैद करून परमुलखात नेलेले लोक नदीकाठी बसून रडतायत आणि पकडून नेणारे वर त्यांनाच म्हणतायत, म्हणा की तुमच्याकडचं एखादं गाणं.

आणि ते मुळात बोनी एमचंही नाही. जमैकाच्या मेलोडियन्स नावाच्या ग्रुपने ते 1970 साली केलं, रास्ताफारी पंथाचं गाणं म्हणून. ते लोक इथिओपियाच्या सम्राटाला, हेल सेलासीला, देव मानायचे त्यामुळे त्यांनी स्तोत्रातल्या प्रभूच्या जागी 'किंग अल्फा' घातलं. मग 1978ला बोनी एम ग्रुप जमवणाऱ्या फ्रँक फारियन नावाच्या जर्मन माणसाने ते उचललं, प्रभूला परत जागेवर बसवलं, खाली नाचायचा ठेका दिला आणि गाणं इंग्लंडात 5 आठवडे एक नंबरवर. अजून एक गंमत, तुम्ही ज्याच्यासारखे पाय फेकायचात तो बोनी एममधला बॉबी फॅरेल, तो रेकॉर्डवर गायलेलाच नाही, बोनी एमच्या रेकॉर्डांवरचा तो जाडा पुरुषी आवाज फारियनचाच, बॉबी नुसते ओठ हलवायचा. (आई, आता हसू नकोस त्यांना.) म्हणजे आपल्या घरात ज्याला ओरिजिनल समजून कॅसेट जपली ते कव्हर होतं, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीने गायलेलं. आणि लाटण्यावरचं आईचं धरलं तर कव्हरचंही कव्हर. त्यातलं नेमकं कोणी वाट लावली सांगा बघू?

आता तुमचं गाणं. मुंबईला लॉजवर राहायचात तेव्हा तुमच्या गोव्याच्या रूम पार्टनरनी शिकवलेलं बीटल्सचं 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स'. ते तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे, टोमणा नाही मारत, खरंच. 1967चं गाणं, गायलाय रिंगो, म्हणजे त्यांचा ड्रमवाला. त्याचा गळा बेताचाच, त्यामुळे बीटल्समधल्याच लेनन आणि मॅकार्टनीने चाल मुद्दाम थोड्याशाच सुरांत फिरवत ठेवली. फक्त शेवटी एक सूर वर जातो आणि त्या एका सुराची रिंगोला एवढी धास्ती की बाकीचे तिघं माइकपाशी उभं राहून धीर देत होते म्हणतात. पहिल्या कडव्यात तर 'मी बेसूर गायलो तर टोमॅटो फेकाल का' अशा अर्थाची ओळ होती, ती त्याने साफ नाकारली, म्हणाला लोक खरंच फेकतील. बाबा, बीटल्समधला माणूस घाबरतो हो, आणि तुम्हाला कट्ट्यावरच्या काकांची कसली भीती, त्यांच्यातल्या अर्ध्यांना ऐकू येत नाही.

मी इथे इंग्लंडात शेफील्डला राहते तर याच गाण्याची दुसरी बाजू मला रोज बसमधून दिसते. जो कॉकर नावाचा गायक इथला, क्रुक्स नावाच्या चढावरच्या वस्तीतला, आधी गॅस फिटिंगचं काम शिकत होता. त्याने हेच गाणं 1968ला गायलं आणि ओळखू येणार नाही इतकं बदललं. चाल संथ केली, चारचा ठेका सहाचा केला आणि घसा खरवडून असा ओरडला की इंग्लंडात ते एक नंबरला गेलं, पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या वुडस्टॉकच्या मोठ्या संगीत महोत्सवातही त्याने तेच म्हटलं. मागे आई इथे आली होती तेव्हा मी तिला दोन्ही ऐकवली. बीटल्सच्या वेळी ती मटार सोलत होती, कॉकरचं लागल्यावर हात थांबला, बोटांनी टेबलावर मोजलं आणि म्हणाली, "अगं, याने केरव्याचा दादरा केलाय." दोन शब्दांत! मी केवढा लेख वाचला होता त्यावर, तो वायाच गेला.

आणि फाटलेल्या आवाजाचं म्हणत असाल तर अमेरिकन गायक जॉनी कॅशचं 'हर्ट' ऐका, लिंक दादाला पाठवते. मूळ गाणं 1994चं, नाइन इंच नेल्स या बँडच्या ट्रेंट रेझ्नरचं, तो तेव्हा तिशीच्या आतला. त्यात एक शिवी होती, कॅशने ती काढून तिथे काट्यांचा मुकुट घातला, बाकी शब्द तेच. पण गातो तेव्हा कॅश 70चा, तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहानच की, तब्येत पार खालावलेली, आवाज थरथरतोय, काही ओळी तर नुसत्या बोलल्यासारख्या. व्हिडिओत शेवटी तो पियानोचं झाकण हळूच बंद करतो आणि त्यावर हात ठेवतो. मी ते बसमध्ये बघितलं आणि माझा स्टॉप गेला. रेझ्नरने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, आता हे गाणं आपलं राहिलं नाही. तरुणपणी तोच कॅश ते गाता तर खोटं वाटलं असतं, माझं तर ठाम मत आहे. तो फाटका आवाजच पाहिजे होता तिथे.

तर असं करायचं. ट्रॅक मी दोन सूर खाली करून पाठवतेय, कराओकेवाल्याला पेन ड्राइव्हवर द्यायचा, त्याच्याकडचा लावू द्यायचा नाही. त्या गाण्यात मित्र प्रश्न विचारतात आणि गाणारा उत्तर देतो, ते प्रश्न कट्ट्यावरच्या चौघांना वाटून द्या, म्हणजे तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळेल आणि त्यांनाही काम. शेवटचा वरचा सूर नाही लागला तर खाली उतरा, रिंगोची शपथ कोणाला कळणार नाही. बीपीची गोळी घेऊन जा. आणि आई, नाव परत लिहून यायचं काम तुझं, यांच्यावर सोडू नकोस. ठेका केरवा ठेवायचा की दादरा ते तू ठरव, तसा ट्रॅक शनिवारपर्यंत पाठवते.

तुमची,
चिमी